पेटीच्या आकाराची दगडी कबर: बांधणी, पडझड आणि दुरुस्ती

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात पेन्सविक नावाचे गाव आहे. तिथल्या सेंट मेरीज चर्चच्या आवारात सतराव्या-अठराव्या शतकांतल्या कोरीव चुनखडी दगडाच्या कबरी आहेत. लोकरी कापडाच्या धंद्यात सधन झालेल्या घराण्यांनी त्या बांधवून घेतल्या. अशी कबर उभी कशी राहते आणि ढासळते कशामुळे, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. दगडी पेटीत मृतदेह नसतो. तो खाली जमिनीत असतो. वरची पेटी हे फक्त स्मारक.

बांधणी जोत्यापासून सुरू होते. जोत्यावर बहुधा विटांचा किंवा दगडगोट्यांचा गाभा रचतात. त्याभोवती कोरीव फरशा उभ्या करून लोखंडी आकड्यांनी जोडतात. आकडे पक्के बसावेत म्हणून खोबणीत वितळवलेले शिसे ओततात. सर्वांत वर जाड, जड शिळा ठेवतात.

बिघाड बहुतेकदा सांध्यातून होतो. शिळेखालचा चुना झडला की पाणी आत शिरते आणि आकडे गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दगड आतून फुटतो. थंडीत मुरलेले पाणी गोठून फुगते आणि भेगा रुंदावतात. आयव्हीच्या वेलीची मुळे आणि खचणारी जमीन यांची त्यात भर पडते.

पाहणी करताना आपण कबरीला टेकू नये. सुटलेली शिळा माणसाला चिरडू शकते. फुगलेली फरशी, कोपऱ्यावरची चीर, तांबूस डाग एवढे लांबूनही दिसते. चारही बाजूंचे फोटो घ्यावेत, कोरीव मजकूर टिपून ठेवावा.

दुरुस्तीपूर्वी 'फॅकल्टी', म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रांताची रीतसर परवानगी लागते. मग जाणकार पाथरवट दगडांना क्रमांक देऊन ते उतरवतात, गंजलेले आकडे काढून स्टेनलेस स्टीलचे बसवतात आणि गाभा नीट रचतात.

सर्वाधिक घात होतो तो इथे: दर्जा, म्हणजे सांध्यांतल्या फटी, सिमेंटने भरल्या जातात. सिमेंट या दगडाहून कठीण असते आणि ओल अडवते. मग ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार साचतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे निघतात. म्हणून दर्जांसाठी चुनाच वापरावा. तो ओल बाहेर जाऊ देतो.

स्वच्छतेसाठी तारेचा ब्रश, आम्ल किंवा जोराचा फवारा वापरू नये. दगडावरचे दगडफूल फार सावकाश वाढते आणि त्याच्या काही जाती दुर्मीळ आहेत. ते खरवडताना दगडाचा पृष्ठभागही जातो.

दरवर्षी हिवाळा सरल्यावर सांधे तपासावेत. एक उघडी दर्ज वेळीच चुन्याने भरून घेतली, तर पुढे अख्खी कबर उतरवण्याची वेळ सहसा येत नाही.