कुत्र्याचे अल्पवजनी पिलू

एका वेतात झालेल्या पिलांपैकी ज्याचे जन्माच्या वेळचे वजन भावंडांच्या सरासरी वजनापेक्षा सु. एक-चतुर्थांशाने किंवा त्याहून अधिक कमी असते, त्यास सामान्यपणे अल्पवजनी पिलू समजतात. उदा., भावंडांचे सरासरी वजन ३२० ग्रॅ. असता २४० ग्रॅ. वा त्याहून कमी वजनाचे पिलू या वर्गात मोडते. जन्मवजन जातीनुसार बदलते. अगदी लहान जातींत ते साधारणतः १०० ते २०० ग्रॅ., तर मोठ्या जातींत ४०० ते ५०० ग्रॅ. असते. म्हणून केवळ आकडा न पाहता भावंडांशी तुलना करणे आवश्यक असते. दगावणाऱ्या पिलांपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच दगावतात व त्यांत अल्पवजनी पिलांचे प्रमाण जास्त असते. असे पिलू केवळ उपासमारीने मरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पुष्कळदा ते आधी गारठते व गारठल्यामुळे उपाशी राहते. यामुळे प्रथम ऊब व नंतर दूध, हा क्रम त्याच्या संगोपनात महत्त्वाचा ठरतो.

कारणे : गर्भाशयातील प्रत्येक गर्भाला स्वतंत्र वार असते. ज्या गर्भाच्या वारेला जागा वा रक्तपुरवठा कमी मिळतो, त्याची वाढ कमी होते. असे पिलू नेहमी सर्वांत शेवटी जन्मते, ही समजूत बरोबर नाही. गाभण काळातील कुत्रीचे अपुरे पोषण व आजार हीदेखील कारणे असू शकतात. काही पिलांत जन्मजात दोष असतो. खंडतालू (दुभंगलेली टाळू) असलेल्या पिलाला नीट चोखता येत नाही व दूध नाकावाटे बाहेर येते. म्हणून जन्मतःच तोंड उघडून टाळू तपासतात. एकच पिलू मागे पडत असेल, तर कारण बहुधा त्या पिलात असते. सर्वच पिलांची वाढ खुंटली असेल, तर कुत्रीचे दूध अपुरे आहे काय किंवा तिला स्तनशोथ झाला आहे काय, हे पहावे लागते.

वजनाची नोंद : एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणाऱ्या तराजूवर प्रत्येक पिलाचे रोज ठराविक वेळी वजन करतात. पहिल्या दिवशी वजनात किंचित घट होऊ शकते. मात्र ती जन्मवजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. त्यानंतर वजन रोज जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के वाढावे व ७ ते १० दिवसांत दुप्पट व्हावे, अशी अपेक्षा असते. चोवीस तासांत वजन न वाढणे वा घटणे हा धोक्याचा पहिला इशारा होय. पिलू नुसत्या डोळ्यांना अशक्त दिसू लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

ऊब : प्रौढ कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८° ते ३९° से. असते, तर पहिल्या आठवड्यातील पिलाचे ३५° ते ३७° से. असते. पहिले सु. सहा दिवस पिलाला कापरे भरून उष्णता निर्माण करता येत नाही. शरीर लहान असेल तितके वजनाच्या मानाने पृष्ठफळ अधिक व उष्णतेचा ऱ्हासही अधिक असतो. तापमान ३५° से. खाली गेल्यास चोखण्याची प्रतिक्षेपी क्रिया मंदावते व आतड्यांचे चलनवलन थांबत जाते. अशा स्थितीत पाजलेले दूध पचत नाही, पोट फुगते आणि दूध फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. म्हणून गारठलेल्या पिलास कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने वा अंगाशी धरून एक ते तीन तासांत हळूहळू उबदार करतात व नंतरच दूध देतात. पहिल्या आठवड्यात पिलांच्या जागेचे तापमान २९° ते ३२° से. ठेवतात. उष्णता पेटीच्या एकाच बाजूस द्यावी, म्हणजे पिलांना गरजेनुसार दूर सरकता येते.

चीक व स्तनपान : रोगप्रतिकारक प्रतिपिंडे वारेतून पिलाला फारच थोडी मिळतात; बहुतेक चिकातून मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते व सु. चोवीस तासांनंतर जवळजवळ संपते. म्हणून लहान पिलास जन्मानंतर लवकरात लवकर आचळाला लावतात. मागील आचळांत सामान्यतः दूध अधिक असते. धष्टपुष्ट भावंडांना काही वेळ बाजूस ठेवून अल्पवजनी पिलास ती मोकळी करून देणे, हा सर्वांत सोपा व निर्धोक उपाय होय.

पूरक आहार : कुत्रीच्या दुधात सु. ९ टक्के स्निग्धांश व ७ ते ८ टक्के प्रथिने असतात. गाईच्या दुधात हे प्रमाण अनुक्रमे सु. ४ व ३·३ टक्के असते, तर दुग्धशर्करा मात्र अधिक असते. म्हैशीच्या दुधात स्निग्धांश सु. ७ टक्के असला, तरी प्रथिने कमीच पडतात. पाणी घातलेल्या दुधाने पोट भरते, पण वजन वाढत नाही. यामुळे पिलांसाठी खास बनविलेली दूध-भुकटी श्रेयस्कर ठरते. कुत्रीचे दूध मुळीच मिळत नसल्यास पहिल्या आठवड्यात दर १०० ग्रॅ. वजनास दिवसाकाठी १३ ते १५ मिलि. दूध दोन ते तीन तासांच्या अंतराने देतात. म्हणजे २४० ग्रॅ. वजनाच्या पिलास आठ वेळा मिळून ३१ ते ३६ मिलि., एका वेळी सु. ४ मिलि. दूध पुरते. पिलू अंगावर पीत असल्यास हे प्रमाण कमी करतात. अतिरेकाने हगवण लागते. दूध कोमट असावे व पिलास पोटावर ठेवून, डोके किंचित वर करून पाजावे. उताणे पाजू नये. चोखता न येणाऱ्या पिलास नळीने दूध द्यावे लागते. हे पशुवैद्याकडून शिकून घेतल्याखेरीज करू नये. आईने चाटल्याशिवाय पिलास सु. तीन आठवडे मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आई चाटत नसल्यास ओल्या, कोमट कापसाने तो भाग हळुवार पुसतात.

कृमी व पुढील वाढ : कुत्रीच्या शरीरातील गोलकृमींच्या अळ्या वारेतून व दुधातून पिलांत शिरतात. पोट मोठे, पण अंग रोड दिसणे हे त्याचे लक्षण असते. म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून वजनाप्रमाणे कृमिनाशक औषध ठराविक अंतराने देतात. तीन ते चार आठवड्यांनंतर पातळ, मऊ अन्न सुरू करतात. त्या वेळीही लहान पिलास वेगळे खाऊ घालणे इष्ट असते. पिलू निपचित पडणे, सतत केकाटणे, हगवण किंवा धाप लागणे या लक्षणांत तासाभराचा विलंबही घातक ठरू शकतो. पशुवैद्याचा सल्ला तत्काळ घ्यावा. जन्मजात दोष नसलेले पिलू पहिले दोन-तीन आठवडे निभावले, तर पुष्कळदा भावंडांच्या बरोबरीला येते. कारण प्रौढ वयातील आकार मुख्यतः आनुवंशिकतेवर अवलंबून असतो, केवळ जन्मवजनावर नव्हे.