ऑइलात शिरलेले पाणी

बीड जिल्ह्याला समुद्र नाही आणि वर्षातील बहुतेक काळ येथील चर्चा पाण्याच्या टंचाईचीच असते. तरीही गोदावरी-सिंदफणेला पूर आला म्हणजे गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांच्या काठावर इंजिनाच्या बोटींची गरज पडते, हे सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीने पुन्हा दाखवून दिले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटींच्या मागील बाजूस अडकवलेले पेट्रोल इंजिन, ज्याला जवान ‘ओबीएम’ म्हणतात, आणि नदीकाठी उपशासाठी बसवलेले डिझेल इंजिन यांत दिसायला साम्य नाही. पण दोन्ही साधारणपणे बाहेरचे पाणी आत ओढून थंड होतात व ते परत बाहेर सोडतात, त्यामुळे ऑइलमध्ये पाणी शिरल्याचे निदान दोन्हींच्या बाबतीत सारखेच अवघड ठरते.

पाणी ऑइलमध्ये तीन रूपांत राहते: विरघळलेले, जे डोळ्यांना दिसत नाही, बारीक थेंबांनी मिसळलेले, ज्यामुळे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागते, आणि मोकळे, जे ऑइलपेक्षा जड असल्याने चेंबरच्या, म्हणजे ऑइल साठवणाऱ्या तळभांड्याच्या, बुडाशी बसते. म्हणूनच इंजिन रात्रभर स्थिर ठेवून सकाळी चेंबरचा नट हळूच सैल केला असता ऑइलच्या आधी पाणी गळू लागते, आणि ही सर्वांत स्वस्त तपासणी होय. गेजपट्टीवरील पातळी वाढलेली दिसली म्हणून ते पाणीच असेल असे मात्र मानता येत नाही, कारण नोझल किंवा डिझेल पंप गळत असल्यास डिझेल चेंबरमध्ये उतरूनही पातळी वाढते. तेव्हा ऑइल काळे राहते, पातळ होते आणि त्याला डिझेलचा वास येतो. उलट, केवळ ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर फेस असेल आणि पट्टीवरील ऑइल स्वच्छ असेल, तर ते बहुधा गार इंजिन थोडाच वेळ चालवल्याने हवेतील बाष्पाचे झालेले पाणी असते.

शंका उरल्यास तडतडीची परीक्षा उपयोगी पडते. फोडणीच्या तेलात ओला कढीपत्ता पडला की जे होते तेच येथे घडते: पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच वर तापवलेल्या पत्र्यावर ऑइलचा एकच थेंब टाकला असता त्यातील पाण्याची वाफ होऊन तो तडतडतो, आणि हजारात एक भाग इतके थोडे पाणीही त्यात ओळखू येते. थेंब अंगावर उडतो, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवा.

परंतु ऑइल दुधाळ झाले एवढे सांगून थांबणारा मिस्त्री निम्मेच काम करतो. पाणी कोणत्या वाटेने आले हा खरा प्रश्न आहे. समुद्रातील बोटीच्या ऑइलमध्ये प्रयोगशाळेला सोडियम सापडला तर खाऱ्या पाण्याची शंका घेता येते, आणि बंद रेडिएटर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये कूलंटमधील ग्लायकॉल सापडते, शिवाय रेडिएटरची पातळी कमी होऊन आधीच सूचना मिळते. गोदावरीच्या गोड्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात यांपैकी काहीच मिळत नाही. विहिरी-बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम खूण म्हणून वापरावा, तर इंजिन ऑइलमध्ये मळ धुऊन काढणाऱ्या द्रव्यांच्या रूपाने कॅल्शियम पुष्कळदा आधीच घातलेला असतो.

त्यामुळे अशा इंजिनात वाट डोळ्यांनीच शोधावी लागते. ज्या डिझेल इंजिनात लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, बाहेरून थेट पाण्यात असतो, तेथे बाजूचे झाकण काढून आणि पाण्याची पोकळी भरून बॅटरीच्या उजेडात लायनरचे खालचे टोक पाहावे: तेथून थेंब ठिबकत असेल तर रबरी रिंग गेलेली असते, ते कोरडे असून पाणी पिस्टनच्या डोक्यावर सापडले तर संशय हेड गॅसकेटवर किंवा तडकलेल्या हेडवर जातो. ‘ओबीएम’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या टू-स्ट्रोक प्रकारात ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते व चेंबरच नसते; तेथे तपासायचे ते पंख्याजवळील गिअरचे ऑइल. ते दुधाळ असेल तर पंख्याच्या दांड्यावरील ऑइल सीलकडे प्रथम पाहावे, कारण दांड्याला गुंडाळलेला जाळ्याचा धागा ते कापून टाकतो.

पुरात बुडालेल्या इंजिनाचे पाणी कोठून आले हे शोधावे लागत नाही, पण तेथेच सर्वांत महागडी चूक होते. सिलिंडरमध्ये भरलेले पाणी दाबले जात नाही. अशा वेळी हँडल किंवा स्टार्टर जोराने फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी नोझल किंवा प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवावे, पाणी बाहेर काढावे, आणि ऑइल व फिल्टर बदलून थोडे चालवल्यावर पुन्हा बदलावे. काही तासांनंतर गेजपट्टीवर पुन्हा दुधाळ रंग दिसला, तर ते पुराचे उरलेले पाणी नसून गळतीचे नवे पाणी असण्याचीच शक्यता अधिक, आणि मग हेड उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.