पेशींच्या नावाने दिली जाणारी आश्वासने

मानवी शरीरातील बहुतेक पेशी एका ठरावीक कामापुरत्या घडलेल्या असतात; काही थोड्या पेशींमध्ये मात्र स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करण्याची आणि गरजेप्रमाणे निराळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतरित होण्याची क्षमता असते. त्यांना मूलपेशी किंवा प्रचलित शब्दांत स्टेम सेल म्हणतात, आणि त्यांच्या किंवा रक्तातील काही घटकांच्या साहाय्याने झिजलेला वा नष्ट झालेला शरीराचा भाग पुन्हा उभा करण्याच्या प्रयत्नाला पुनर्जनन उपचार असे नाव आहे. हा प्रयत्न खोटा नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्तपेशी घडवणाऱ्या भागाचे, प्रत्यारोपण यशस्वी केले, आणि थॅलेसेमिया व रक्ताचा कर्करोग यांसारख्या विकारांत या मार्गाने अनेक रुग्ण आज बरे होतात. अडचण अशी की या यशाचा हवाला देऊन गुडघ्याची झीज, पक्षाघात, मधुमेह, स्वमग्नता अशा सर्वस्वी निराळ्या व्याधींवरही तोच उपाय हाती आला असल्याचे जाहिरातींतून सांगितले जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या बाबतीतली सीमा स्पष्ट आखलेली आहे: रक्तविकारांसाठी होणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार होय, आणि मूलपेशींचा अन्य वापर रीतसर परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतो. ज्याची अजून चाचणी चालू आहे ते जणू सिद्ध झाले आहे अशा थाटात विकणे, ही या क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची मूळ तऱ्हा आहे.

बीड जिल्ह्याला या प्रश्नाकडे दुरून पाहता येणार नाही, कारण वैद्यकीय दाव्यावर विश्वास ठेवल्याची किंमत या जिल्ह्याने मोजलेली आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेली होती. अंगावर पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातील दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक स्त्रियांना पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल, असे सांगण्यात आल्याचे त्या वेळच्या वृत्तांतांतून पुढे आले, आणि त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. तेथे भीती दाखवली गेली आणि पुनर्जनन उपचारांच्या जाहिरातीत आशा दाखवली जाते, तरी दोन्ही ठिकाणी रुग्णाला पडताळता न येणारे विधान अधिकारवाणीने केले जाते, आणि खर्च मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून किंवा कर्जातून भागवावा लागतो. उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून ज्यांचे गुडघे आणि कंबर चाळिशीच्या आतच दुखू लागतात, त्यांच्या दृष्टीने ‘शस्त्रक्रियेविना गुडघा पूर्ववत’ ही ओळ केवढी मोहाची असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या गुडघ्याच्याच उदाहरणावर थोडे थांबणे उपयोगी ठरेल. पीआरपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारात रुग्णाचे स्वतःचे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवले जाते, त्यातील प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म घटकांचा दाट अंश वेगळा केला जातो आणि तो सांध्यात टोचला जातो; या घटकांतून वाढीस चालना देणारी द्रव्ये बाहेर पडतात, यावर त्याची कल्पना आधारलेली आहे. ऑस्ट्रेलियात गुडघ्याची झीज झालेल्या २८८ जणांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना पीआरपीची, तर काहींना केवळ मिठाच्या पाण्याची तीन इंजेक्शने दिली गेली, आणि कोणाला काय मिळाले हे त्यांना सांगण्यात आले नाही. वर्षभरानंतर अकरा अंकांच्या मोजपट्टीवर पहिल्या गटाची वेदना सरासरी २.१ अंकांनी आणि दुसऱ्या गटाची १.८ अंकांनी उतरलेली आढळली, म्हणजे दोहोंत अर्थपूर्ण फरक नव्हता, आणि हाडांच्या टोकांवरील कूर्चेची झीजही पीआरपीने रोखलेली दिसली नाही. अन्य काही अभ्यासांत लाभ आढळला असल्यामुळे हा वाद मिटलेला नाही. परंतु मिठाच्या पाण्यानेही इतक्या जणांना बरे वाटले, ही गोष्ट प्रत्येक जाहिरातदाराने आणि प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. जाहिरातीत चालत येऊन ‘माझा गुडघा दुखायचा थांबला’ असे सांगणारा रुग्ण खरेच बोलत असतो, आणि तरीही त्याच्या सांगण्यावरून उपचाराचा गुण सिद्ध होत नाही, कारण दुखणे आपोआप कमीअधिक होते आणि उपचार घेतल्याचा दिलासाही वेदना हलकी करतो.

‘स्वतःच्याच पेशी, म्हणून अपाय नाही’ हा दावा याहून घातक आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दृष्टिपटलाच्या वार्धक्यजन्य विकाराने ग्रस्त तीन वृद्ध स्त्रियांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरून स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली. २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकातून ही हकीकत प्रसिद्ध झाली. हा प्रकार अधिकृत संशोधनाचा भाग असल्याची समजूतही त्यांच्यापैकी काहींची होती. संशोधनातील सहभागासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील, तर तेथेच संशय घेणे योग्य ठरते.

आईवडिलांच्या काळजीवर चालणारी जाहिरात तर अधिक कठोर तपासणीला पात्र आहे. स्वमग्नतेवर मूलपेशी देण्याची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाने २०२२ साली सांगितले. बाळाच्या नाळेतील रक्त साठवण्याची विमा म्हणून भलावण केली जाते. परंतु त्या बाळाला स्वतःचे ते रक्त आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत उपयोगी पडण्याची शक्यता भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या मतानुसार ०.०४ टक्के ते ०.०००५ टक्के इतकी क्षीण आहे, आणि रक्ताच्या आनुवंशिक विकारात तर त्या साठवलेल्या रक्तातही तोच दोष असतो.

कायदा याबाबत मुका नाही. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने परिशिष्टातील ५४ व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींना मनाई केली असून त्यांत पक्षाघात, मधुमेह, अंधत्व, मेंदूचे विकार आणि संधिवात येतात. या कायद्याच्या व्याख्येत तोंडी केलेली घोषणाही जाहिरात ठरते, तेव्हा रिक्षावरील भोंगाही तीतून सुटत नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दवाखाना सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची किंवा शुल्काची माहिती देता येते, परंतु रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. याच कायद्याखालील २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतील एक तरतूद मराठी वाचकांच्या विशेष कामाची आहे: दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत अस्वीकृतीची सूचना द्यावी लागते. वर ठळक मराठीत ‘कायमचा इलाज’ आणि तळाशी बारीक इंग्रजीत ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ असे छापणे या सूचनेत बसत नाही.

प्रामाणिक जाहिरात अशक्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या संशोधनातून आलेली नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धती पुनर्जनन प्रकारातील नसली, तरी तिचा मार्ग अनुकरणीय आहे: आधी चाचण्या, मग ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी, आणि ती मंजुरीही बी-पेशींच्या काही ठरावीक रक्तकर्करोगांपुरती, तेही आधीचे उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी. जे रुग्णालय व्याधीचे नेमके नाव, मंजुरीची मर्यादा, संभाव्य अपाय आणि संपूर्ण खर्च मराठीत छापू शकत नाही, त्याने जाहिरात करूच नये.

वाचकांनी असा उपचार घेण्यापूर्वी तो कोणत्या व्याधीसाठी आणि कोणी मंजूर केला आहे हे लेखी मागावे. चाचणी असल्याचे सांगितले गेले, तर भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीतील तिचा क्रमांक विचारावा, आणि शंका राहिल्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. खोट्या दाव्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, तसेच राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते.