व्हिंटेज सायकल

व्हिंटेज सायकल : ज्या सायकलीचा निर्मितिकाल पुराव्याने ठरविता येतो, जिची बांधणी मागे पडलेल्या एखाद्या तांत्रिक कालखंडाची निदर्शक आहे आणि जिचे मूळ भाग बव्हंशी कायम आहेत, अशा जुन्या सायकलीस सामान्यतः ही संज्ञा लावतात. केवळ वापराने आलेला जीर्णपणा, गंज किंवा जुन्या धाटणीचा आकार एवढ्यावरून सायकल व्हिंटेज ठरत नाही. ‘व्हिंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षांच्या तोडणीच्या हंगामाशी निगडित असून विशिष्ट वर्षाच्या पिकापासून केलेल्या मद्यास तो लावीत. म्हणजेच वस्तू किती जुनी आहे यापेक्षा ती नेमकी कोणत्या काळाची आहे, हा अर्थ या शब्दात प्रधान आहे. सायकलींच्या बाबतीतही तोच अर्थ उपयुक्त ठरतो.

संज्ञेची मर्यादा : मोटारगाड्यांच्या बाबतीत ही संज्ञा बरीच काटेकोर आहे. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबच्या संकेतानुसार १९३० सालच्या अखेरपर्यंत तयार झालेल्या गाड्याच व्हिंटेज होत. भारतात मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी मोटार वाहनांस हा दर्जा मिळतो. सायकल हे मोटार वाहन नसल्याने हा नियम तिला लागू पडत नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ अन्वये पुरावशेष ठरण्यास वस्तू सामान्यतः किमान शंभर वर्षांची असावी लागते. उपलब्ध जुन्या सायकलींपैकी फारच थोड्या या कसोटीस उतरतात. तेव्हा सायकलीपुरती सर्वमान्य अशी कायदेशीर व्याख्या नाही. हौशी संग्राहक, त्यांच्या संघटना आणि जुन्या सायकलींच्या फेऱ्या भरविणारे आयोजक आपापल्या मर्यादा ठरवीत आले आहेत. ब्रिटनमधील व्हेटरन-सायकल क्लब (स्थापना १९५५) ही अशा जुन्या संघटनांपैकी एक होय.

तांत्रिक कालखंड : कार्ल फोन ड्राइस यांनी १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे चालविलेले, पायांनी जमीन रेटून पुढे जाणारे दुचाकी वाहन हे सायकलीचे आद्य रूप मानतात. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल जोडलेली वाहने निघाली. १८७० नंतर पुढचे चाक प्रचंड व मागचे लहान असलेली उंच सायकल प्रचारात आली. जॉन केंप स्टार्ली यांच्या १८८५ मधील ‘रोव्हर’ या सायकलीत जवळजवळ सारख्या आकाराची चाके व मागच्या चाकास साखळीने गती देण्याची योजना एकत्र आली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचे एकस्व घेतले. येथपर्यंतची वाहने आकारावरूनच ओळखू येतात व त्यांच्या ऐतिहासिक मूल्याविषयी सहसा वाद होत नाही.

खरी अडचण त्यानंतरच्या सायकलींबाबत येते. १८९० च्या सुमारास रूढ झालेला चौकटीवजा सांगाडा पुढे शंभर वर्षे मूलतः तसाच राहिला. त्यामुळे कालखंडाच्या खुणा सांगाड्याच्या आकारात न शोधता तपशिलांत शोधाव्या लागतात. स्टर्मी-आर्चर कंपनीचा मागच्या चाकाच्या तुंब्यात बसविलेला तीन गतींचा गिअर विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे. मँगॅनीज व मॉलिब्डेनमयुक्त पोलादाच्या ‘रेनॉल्ड्स ५३१’ या नळ्या १९३५ पासून मिळू लागल्या. टूर द फ्रान्स या शर्यतीत साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गिअरला १९३७ साली मुभा मिळाली. अशा प्रत्येक सुधारणेमुळे एक कालरेषा मिळते. त्या सुधारणेआधीची म्हणविली जाणारी सायकल तिच्यासह आढळल्यास तो भाग नंतर बसविलेला किंवा सायकलीचा सांगितलेला काळ चुकीचा, असा निष्कर्ष निघतो.

१९८७ ची मर्यादा : इटलीतील तस्कनी प्रांतातील गायोले इन कियांती या गावी १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या फेरीच्या नियमांत शर्यतीच्या सायकलींसाठी घातलेली मर्यादा उद्‌बोधक आहे. तेथे सर्वसाधारणतः १९८७ पूर्वीच्या सायकली ग्राह्य धरतात. गिअरच्या कळा सांगाड्याच्या खालच्या तिरप्या नळीवर असाव्यात, पायडलला पाय अडकविण्याची पकड व पट्टे असावेत आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या असाव्यात, अशा अटी आहेत. या अटी मनमानी नाहीत. १९८४ मध्ये ‘लूक’ कंपनीने बुटाला खटक्याने अडकणारे पायडल बाजारात आणले. त्याच सुमारास शिमानो कंपनीचा ठरावीक टप्प्यांनी बदलणारा गिअर आला. १९९० च्या सुमारास गिअरची कळ ब्रेकच्या मुठीतच सामावली गेली. ॲल्युमिनियम व कार्बन तंतूंचे सांगाडेही याच काळात पुढे आले. म्हणजे १९८७ ही मर्यादा पोलादी सांगाड्याच्या व उघड्या तारांच्या युगाच्या शेवटास उद्देशून आहे. याउलट ‘अमुक इतक्या वर्षांपूर्वीची’ अशी सरकती मर्यादा घातल्यास दरवर्षी आणखी एका वर्षाचे सर्व उत्पादन आपोआप व्हिंटेज होते आणि संज्ञेचा विशेष अर्थ उरत नाही.

काल ठरविण्याची साधने : सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक हे पहिले साधन होय. तो बहुधा सीटखालील जोडावर किंवा पायडलांचा आस ज्यात फिरतो त्या नळीच्या तळाशी असतो. तथापि काही कारखान्यांनी क्रमांकमालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्याने निव्वळ क्रमांक पुरेसा नसतो. तो कारखान्याच्या छापील सूचिपत्रांशी ताडून पाहावा लागतो. स्टर्मी-आर्चरच्या अनेक तुंब्यांवर निर्मितिवर्षाचे आकडे ठोकलेले आढळतात. मात्र तुंबा बदलता येतो. त्यामुळे त्यावरील वर्ष हे तुंब्याचे असते, सायकलीचे असेलच असे नाही. निरनिराळ्या भागांनी दिलेले पुरावे परस्परांशी जुळले, तरच काल विश्वसनीय मानतात.

पुढच्या नळीवरील बिल्ला व निर्मात्याचे नाव यांवर तर मुळीच विसंबता येत नाही. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची तीन बंदुकांची मुद्रा प्रसिद्ध आहे. पण या कंपनीने आपला सायकलव्यवसाय १९५७ मध्ये रॅले कंपनीस विकला आणि भारतात बीएसए हे नाव मद्रासच्या टीआय सायकल्सच्या मालावर त्यानंतरही चालू राहिले. रॅलेच्या नावाची सायकल नॉटिंगहॅमची असू शकते, तशीच असनसोलचीही. ब्रुक्सची चामडी सीट आजही जुन्या घाटावर तयार होत असल्याने तीही जुनेपणाचा पुरावा नव्हे.

मूळ भाग व जीर्णोद्धार : टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, तारा, साखळी हे झिजणारे भाग बदललेले असल्यास सायकलीस गौणत्व येत नाही. सांगाडा, पुढचा चिमटा, हँडल, क्रँक, तुंबे व रंग हे मात्र मूळचे असणे महत्त्वाचे मानतात. जीर्णोद्धारात सर्वाधिक हानी रंगकामाने होते. जुना रंग खरवडून नवा दिला की, मूळची सोनेरी रेघ, निर्मात्याची छापचित्रे व विक्रेत्याची चिठ्ठी हे सारे पुरावे नाहीसे होतात. सुट्या भागांवरील मुलाम्याचेही तसेच आहे. १९३० च्या सुमारास क्रोमियमचा मुलामा सर्रास होण्यापूर्वी सायकलींस निकेलचा मुलामा देत. १९१० ची म्हणून दाखविलेली सायकल क्रोमियमने चकाकत असेल, तर तिच्यावर नंतर काम झाले आहे हे उघड होते. म्हणून फिकट परंतु मूळ रंगाची सायकल नव्याने रंगविलेल्या चकचकीत सायकलीहून जाणकारांस अधिक मोलाची वाटते.

भारतातील स्थिती : स्वातंत्र्यापूर्वी भारतात सायकली मुख्यत्वे इंग्लंडहून येत. मुंबईतील हिंद सायकल्स हा येथील आरंभीच्या कारखान्यांपैकी एक होय. स्वातंत्र्यानंतर मद्रास, असनसोल, सोनीपत व लुधियाना येथे मोठे कारखाने उभे राहिले. या सर्वांनी इंग्रजी धाटणीची २८ इंची चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची भक्कम सायकल पिढ्यानपिढ्या काढली. त्यामुळे दूधवाल्याची तुलनेने अलीकडची सायकलही रूपाने १९३० च्या सायकलीसारखी दिसू शकते. आकार हा जुनेपणाचा पुरावा नव्हे, हे तत्त्व भारताइतके अन्यत्र क्वचितच जाणवते.

येथे एक वेगळेच साधन उपलब्ध आहे. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर आकारीत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. अशा बिल्ल्यावर गावाचे नाव व वर्ष उठविलेले असल्यास सायकल त्या वर्षी त्या गावी वापरात होती असे अनुमान करता येते. अर्थात तो सुटा बिल्ला दुसऱ्या सायकलीवर चढविलेला नाही, याची खात्री करावी लागते. खरेदीची पावती, तारखेचे जुने छायाचित्र यांचाही असाच उपयोग होतो.

संग्राहकांचा ओढा अद्याप मुख्यतः विलायती सायकलींकडे दिसतो. वास्तविक हिंद सायकल्स व सेन-रॅले या दोन्ही कारखान्यांचे १९८० च्या अधिनियमाने राष्ट्रीयीकरण झाले व कालांतराने त्यांचे उत्पादनही थांबले. त्यामुळे त्यांच्या आरंभीच्या सायकली भारतीय उद्योगाच्या इतिहासाची अस्सल साधने ठरतात. परंतु देशी म्हणून त्या सामान्य समजल्या जातात आणि वजनावर भंगारात जातात. पुण्यात कर्वेनगर भागात जुन्या सायकलींचे एक खाजगी संग्रहालय असून अशा प्रयत्नांमुळे काही नमुने सुरक्षित राहिले आहेत. घरात पडून असलेली सायकल रंगविण्यापूर्वी किंवा मोडीत काढण्यापूर्वी तिचा क्रमांक, बिल्ले व मूळ रंग यांची नोंद करून ठेवणे, एवढे काम कोणत्याही मालकास करता येण्याजोगे आहे. ती नोंद नसेल, तर पुढे सायकल शिल्लक राहूनही तिचा काळ सांगता येत नाही.