उन्हाचा सातबारा

1921 सालच्या रामनवमीला, 16 एप्रिल रोजी, मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. मुळा-निळा नद्यांच्या संगमाशी टाटांच्या कंपनीला धरण बांधायचे होते. सह्याद्रीवर अडवलेले पाणी कोकणात उतरवायचे, त्यावर वीज तयार करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना होती. त्या विजेला कोळसा लागणार नव्हता आणि तिचा धूरही होणार नव्हता, म्हणजे आजच्या भाषेत ती हरित ऊर्जाच होती. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. त्यांनी तुरुंगवास भोगला, मावळ्यांनी मार खाल्ला, आणि तरीही 1924 पर्यंत लढा संपला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली.

लढा का हरला, याचा शोध अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी पुढे बारकाईने घेतला. त्यातली एक बाब आजही अंगावर येते. पेट्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा मोबदला कागद ज्याच्या नावाचा त्याला मिळाला. घाम ज्याचा, त्याला मिळाला नाही. सावकारांचे हित सांभाळले गेले आणि जमीन कसणारा मावळा उघड्यावर पडला.

शंभर वर्षांनंतर देशात सूर्य आणि वाऱ्यापासून वीज करण्याची प्रचंड मोहीम सुरू आहे. 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन ही भारताची जाहीर उद्दिष्टे आहेत. 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र अजूनही कोळशाचाच वरचष्मा आहे.

ही मोहीम हवी आहे, असे मला मनापासून वाटते. तापमान वाढते तेव्हा त्याचा पहिला फटका उसाच्या फडातल्या तोडणी कामगाराला बसतो. अवकाळी आणि गारपीट आधी कोरडवाहू शेतकऱ्याला झोपवते. हवामानबदल रोखणे हा गरिबांच्याच हिताचा प्रश्न आहे. म्हणूनच तो रोखण्याची किंमत पुन्हा त्याच माणसांकडून वसूल होत असेल, तर त्यावर गप्प बसता येत नाही.

जमिनीचा हिशेब पाहा. एक मेगावॅट सौर प्रकल्पाला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात पावगडा इथे 2050 मेगावॅटचे सौर उद्यान आहे. पाच गावांची मिळून सुमारे 13 हजार एकर जमीन त्यात गेली. हा भाग कायम दुष्काळी, भुईमूगही धड न पिकणारा. तिथे सरकारने जमीन संपादित केली नाही, 28 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. भाडे वर्षाला एकरी 21 हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी त्यात पाच टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. जबरदस्तीच्या भूसंपादनापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी, हे मान्यच केले पाहिजे. ज्याच्या नावावर मोठी जमीन होती, त्याच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा ठरावीक उत्पन्न आले.

पण त्याच गावांत बिनजमिनीची माणसेही राहत होती. खुरपणी, काढणी, शेंगा फोडणे यांवर त्यांच्या घरची चूल पेटायची. शेतीच बंद झाल्यावर ही मजुरी संपली. मेंढपाळांच्या चराईला तारेचे कुंपण पडले. त्यांना भाडे देण्याचा प्रश्नच आला नाही, कारण त्यांच्याकडे भाड्याने द्यायला काही नव्हते. प्रकल्पात उरले ते रखवालदारी, गवतकाढणी आणि पॅनेल धुण्याचे काम. ते थोड्यांना पुरते, आणि तेही कंत्राटदारामार्फत मिळते.

आता आपल्या राज्यात येऊ. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’ ही 2023 पासून राबवली जात आहे. वीज उपकेंद्रांच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यावर शेतीचे फिडर चालवायचे, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल. योजनेतला पहिला, 3 मेगावॅटचा प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगाव इथे सुरू झाला. रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला बॅटरी घेऊन शेतात उतरणे काय असते, साप, विंचू, बिबट्या यांची भीती काय असते, हे ज्याने भोगले त्याला या योजनेचे मोल वेगळे सांगायला नको.

खासगी जमीन या योजनेत दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते. गावाला प्रोत्साहन म्हणून ग्रामपंचायतीस वर्षाला पाच लाख रुपये मिळतात, तेही तीन वर्षे. प्रकल्प पाव शतक चालणार आहे. योजनेचे उद्दिष्ट सुमारे 16 हजार मेगावॅटचे आहे. वरच्या हिशेबाने त्याला 64 ते 80 हजार एकर जमीन लागेल, आणि सरकारी जमीन स्वस्त, एकगठ्ठा आणि वादाविना मिळेल असे समजून तिच्याकडे आधी पाहिले जाते.

या सरकारी जमिनीत गायरान मोठ्या प्रमाणावर आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विचारा, गायरान रिकामे नसते. गावाची गुरे तिथे चरतात. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचे वाडे तिथे बसतात. सरपणाची मोळी, शेणी, तरवडाची फुले, पावसाळ्यातली रानभाजी तिथून येते. आणि अनेक ठिकाणी दोन-तीन पिढ्या दलित, आदिवासी, भटक्या कुटुंबांनी तिथले दगड वेचून बाजरी आणि तूर पेरली आहे. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांनी 1959 आणि 1964 मध्ये केलेले सत्याग्रह अशी जमीन भूमिहीनांना मिळावी याच मागणीसाठी होते. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने 1991 मध्ये घेतला. पण निर्णय आणि सातबारा यांच्यामध्ये तलाठी कार्यालयाचा उंबरा आहे, आणि तो आजही हजारो कुटुंबांना ओलांडता आलेला नाही.

आता बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांची कल्पना करा. एक खातेदाराचे, एक गायरानातले. दोन्हींवर सारखीच पॅनेल बसली, दोन्हींवर ऊनही सारखेच पडते. पहिल्याला एकरी वर्षाला 50 हजार रुपये मिळतील. दुसऱ्याला अतिक्रमण काढण्याची नोटीस मिळेल. मुळशीत जे झाले तेच हे, फक्त सावकाराच्या जागी सरकार आहे. माझ्या मते हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो योजनेच्या दरपत्रकातच लिहिलेला आहे.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत सौर आणि पवन प्रकल्प धरलेलेच नाहीत. म्हणजे हजारो एकरांच्या सौर उद्यानासाठीही जनसुनावणी बंधनकारक नाही. कोळशाच्या खाणीला निदान एक मांडव घालून लोकांचे म्हणणे ऐकल्याचे दाखवावे तरी लागते. इथे तेवढेही नाही. प्रकल्प हरित आहे, तेव्हा त्याचा त्रास होणारच नाही, असे धरून चालल्याचा हा परिणाम.

त्रास होतो का, याचे उत्तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर मिळते. पश्चिम घाटाच्या या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी पवनचक्क्यांचा भाग आणि शेजारचा मोकळा सडा यांची तुलना केली. 2018 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. ते तिथे फारसे फिरकत नव्हते. त्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे बेसुमार वाढले. हा सरडा इथलाच, गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारा. शत्रू उरला नाही म्हणून तो निर्धास्त झाला. माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळेनासा झाला, त्याच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक घटले. पण संख्या वाढल्यामुळे खाणे वाटले गेले आणि तो रोडावला, नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला. पाती फिरतात आकाशात, आणि त्याचा परिणाम खडकावर बसलेल्या सरड्याच्या गळ्यावर उमटतो.

भीमाशंकरच्या बाजूला तर माणसांनीच भोगले. खेड आणि मावळ तालुक्यांतल्या डोंगरमाथ्यांवर राखीव वनात पवनऊर्जा प्रकल्प आला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने 2011 च्या अहवालात त्याची दखल घेतली. अवजड सामान वर नेण्यासाठी डोंगर उभे कापून रस्ते केले. निघालेला राडारोडा उतारावर लोटला, तो ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत आला. दरडी सुटल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात वावरणाऱ्या लोकांना चौक्या आणि फलक लावून अडवले गेले. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाला होता, पण त्या डोंगरांवरच्या लोकांचे हक्क तोवर मान्यच झाले नव्हते. शेकरूचे सदाहरित जंगल आहे, परवानगी देऊ नये, असे सुचवणाऱ्या स्थानिक वनाधिकाऱ्याचे मतही बाजूला सारले गेले.

राजस्थानात थरच्या वाळवंटात हाच पेच माळढोकाच्या जिवावर उठला आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला या पक्ष्यासाठी अभयारण्य केले, तरी तो तिथून जवळजवळ गेलाच. देशात उरलेल्या दीडशेहून कमी माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत, आणि तिथेच सौर-पवन प्रकल्पांच्या उच्चदाब तारांचे जाळे विणले जात आहे. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा व्यापक आदेश दिला. मार्च 2024 मध्ये तो मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकांचा हक्क मानला गेला. जैसलमेरमधल्या देवीदेवतांच्या नावाने राखलेल्या ओरणांवरही, म्हणजे आपल्याकडच्या देवरायांसारख्या राखीव कुरणांवर, प्रकल्प आणि तारा आल्या. गावकरी सांगतात की पूर्वजांनी जिथे फांदी तोडू दिली नाही, ती जागा महसुली दप्तरात नोंदलीच गेली नव्हती.

जिथे इतका पैसा आणि इतकी जमीन एकदम हलते, तिथे दलाल येतात आणि त्यांच्यामागून गुंडही. बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर 2024 मध्ये निर्घृण खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडून मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, हे त्यामागचे कारण असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे.

कोळशाच्या टोकालाही माणसे आहेत. 2920 मेगावॅटच्या चंद्रपूर वीजकेंद्राच्या राखेने आणि धुराने लोकांची फुप्फुसे झिजवली, ते केंद्र कायम चालावे असे कुणीही म्हणणार नाही. पण संच बंद होतील तेव्हा कायम कामगाराची बदली होईल, त्याला निवृत्तिवेतन असेल. राख उपसणारा कंत्राटी मजूर, कोळशाच्या ट्रकचा क्लीनर, गेटसमोरची खानावळ चालवणारी बाई यांची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नाही. ऊन आणि वारा पश्चिम व दक्षिण भारतात जास्त, कोळसा विदर्भ, झारखंड, छत्तीसगडात. एकीकडचा रोजगार बुडाला म्हणून माणूस घरदार सोडून दुसरीकडे आपोआप जाऊन उभा राहत नाही. यासाठी आजपासून तरतूद हवी. बॅटरीसाठी काँगोत कोबाल्ट उपसणारी लहान मुले आणि चिलीच्या अताकामा वाळवंटात लिथियमसाठी उपसले जाणारे खारे पाणी हा याच साखळीचा दूरचा भाग आहे.

मग करायचे काय? मालकीत वाटा द्यायचा. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात 2001 मध्ये उभ्या राहिलेल्या मिडलग्रुन्डेनच्या वीस पवनचक्क्यांपैकी दहा हजारो नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. लांब कशाला, गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पिकाला पाणी देऊन उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. वीज विकण्यात फायदा दिसला की भूजल वारेमाप उपसण्याचा मोहही आवरतो. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकरी कारखान्याचा मालक होऊ शकतो यावरही अनेकांचा विश्वास नव्हता. त्याच महाराष्ट्रात गावोगावच्या सौर प्रकल्पांची मालकी बाहेरच्या कंपन्यांकडे आणि गावाकडे फक्त रखवालदारी, ही विभागणी आपण मुकाट्याने स्वीकारता कामा नये. गायरानावर प्रकल्प होणारच असेल, तर खासगी जमिनीइतकेच भाडे पंचवीस वर्षे ग्रामसभेच्या खात्यात आले पाहिजे, आणि त्यातला पहिला हिस्सा तिथे पेरणाऱ्या व गुरे चारणाऱ्या कुटुंबांचा असला पाहिजे.

शेवटी एक विनंती. तुमच्या गावच्या गायरानावर सौर प्रकल्प प्रस्तावित असेल तर तलाठ्याकडून गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, मागून घ्या. त्यात कुणाकुणाची नावे आहेत, कुणाची राहून गेली आहेत, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचा. चराईची वाट, पाणवठा आणि वाड्यांच्या जागा नकाशावर आखून घ्या आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. हे काम जमीन मोजणीला माणसे येण्याआधी व्हायला हवे.