उंच स्वर, मोकळा गळा

छत्रपती संभाजीनगरच्या जिनमंदिरांत पर्युषणाची स्तवने वरच्या पट्टीत रंगतात. संवत्सरीपर्यंत मात्र अनेकांचा गळा बसतो. कारण एकच, उंची आणि जोर यांची गल्लत. स्वर सप्तकभर चढला की स्वरतंतूंची कंपने दुप्पट होतात. त्यासाठी ते ताणले जाऊन पातळ व्हावे लागतात. ओरडून ते साधत नाही. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) उंच पट्टीत गात, तरी त्यांचा स्वर मृदूच राही. म्हणून रियाज मंद्रापासून करावा. हनुवटी न उचलता, हलक्या आवाजात अर्धा-अर्धा स्वर चढावे आणि घसा दुखताच थांबावे. समूहात पट्टी थोडी उतरवण्यात कमीपणा नाही. क्षमा मागण्याच्या दिवशी आवाज शाबूत असावा, हे महत्त्वाचे.