गोठ्यांतील स्क्रू व चुंबकी धारक

गोठ्यांत फळी अगर बिजागरी बसवितांना एक हात लाकडावर व दुसरा विजेच्या ड्रिलवर गुंततो; स्क्रू धरण्यास तिसरा हात उरत नाहीं. ही उणीव चुंबकी धारक भरून काढतो. त्याचा षट्कोनी दांडा ड्रिलच्या चकांत आवळावा. पुढील कडें सरकवून स्क्रू फिरविण्याचें बिट आंत घालावें व कडें सोडावें; आंतील गोळी बिटाच्या खांचेंत बसते. पुढें चक न उघडतां बिट क्षणांत बदलतें. बिट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर दांड्याचें व खांचेचें घ्यावें. चुंबकामुळें पोलादी स्क्रू बिटाच्या टोकास धरून राहतो.

आमच्या मतें याचें खरें मोल वेळेच्या बचतींत नाहीं. गव्हाणींत पडलेला स्क्रू गाय वैरणीबरोबर गिळते. तो जाळीदार पोटांत राहतो, आणि टोकदार वस्तु तेथून हृदयापर्यंतही रुतूं शकते. पितळेचे व बहुतेक स्टेनलेस स्क्रू चुंबकास धरत नाहींत; म्हणून धारकावरच विसंबूं नये. कामापूर्वीं जनावरें बाहेर बांधावीं, गव्हाण झांकावी. शेवटीं आणलेले, लागलेले व उरलेले स्क्रू मोजावे. ताळा जुळल्याखेरीज गव्हाणींत वैरण टाकूं नये.